जडसंग्रहातला फुटबॉल

धाराशिव जिल्ह्यातलं पोरगं चालायच्या आधी पळायला लागतं. पळालं, की कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणतं आणि त्याचं क्रीडाजीवन सुरू होतं. एकदा दिशा घेतली की पाठलाग करणाऱ्यानं मागं फिरायचं नाही, हा खो-खोचा नियम आमच्याकडं इतका अंगात मुरलेला आहे की बसस्थानकावर चुकीच्या गाडीत बसलेला माणूससुद्धा उतरत नाही, शेवटच्या थांब्यापर्यंत जातो.

या खेळानं जिल्ह्याला दिलंय मात्र भरभरून. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार सारिका काळे आमच्या. त्यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि त्या क्रीडा अधिकारीही झाल्या. २०२५च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्या जगज्जेत्या संघात अश्विनी शिंदे आमचीच. त्यामुळं पोरगी खो-खोला निघाली तर आजीसुद्धा अडवत नाही. राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे आजीला पाठ असतं. नातीची इयत्ता विचारली तर मात्र ती जरा थांबते.

अशा जिल्ह्यात फुटबॉल आला. कोल्हापुरात तो तालमींतून आला, मुंबईत गोऱ्या पलटणींबरोबर आला. आमच्याकडं तो शासन निर्णयातून आला.

२०१७च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालच्या मुलांचा फिफा विश्वचषक भारतात व्हायचा होता. त्याची हवा तयार करायची म्हणून राज्य सरकारनं ठरवलं, की १५ सप्टेंबर २०१७ या एकाच दिवशी महाराष्ट्रातल्या दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा. शाळाशाळांत चेंडू पोचले. आमच्या शेजारी राहणारे गुरुजी कळंब तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. त्या दिवशी त्यांच्या शाळेत सकाळी नारळ फुटला, सरपंचांनी पहिली किक मारली, चेंडू उपसरपंचांच्या दिशेनं गेला, त्यावरून जुनं राजकारण थोडं वर आलं, आणि मग साऱ्या शाळेनं मिळून एका चेंडूमागं धावत धूळ उडवली. फोटो अपलोड झाले. दुपारी खिचडी झाली. संध्याकाळी चेंडू कपाटात गेला.

कपाटात जाण्याआधी तो जडसंग्रह नोंदवहीत गेला, ही खरी मेख. घंटा, तिजोरी, भारताचा नकाशा आणि भाता फाटलेली पेटी यांच्याखाली ‘फुटबॉल’ अशी नोंद झाली. एकदा वस्तू जडसंग्रहात चढली की तिला मरायला परवानगी लागते. फुटली तर निर्लेखन करायचं, निर्लेखनाला प्रस्ताव, प्रस्तावाला समिती, आणि समितीचा पहिला प्रश्न असा की फुटबॉल फुटलाच कसा? यावर शहाण्या मुख्याध्यापकांनी एकच उपाय शोधून ठेवलाय. खेळवायचाच नाही.

विश्वचषक झाला. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला. जिक्सन सिंगनं कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला. आपण तिन्ही सामने हरलो. कपाटातल्या चेंडूची हवा हळूहळू आपोआप गेली.

मग २०२० साल आलं आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ सुरू झालं. मुलांचं किती सुरू झालं ते सोडा, शिक्षकांचं मात्र असं काही सुरू झालं की थांबता थांबेना. रोज एक वेबिनार, रोज एक प्रश्नमंजूषा, प्रत्येक प्रश्नमंजूषेनंतर एक रंगीत प्रमाणपत्र. गुरुजींनी त्या काळात योग, जलसाक्षरता, रस्ता सुरक्षा, गांडूळखत आणि ताणतणावाचं व्यवस्थापन यांत प्रावीण्य मिळवलं. शेवटच्या विषयाचं प्रमाणपत्र डाउनलोड होईना म्हणून त्यांनी मोबाइल भिंतीवर आपटायचा बाकी ठेवला होता. याच पुरात वाहत वाहत त्यांच्या हाती लागला लहान मुलांच्या फुटबॉल प्रशिक्षकांसाठीचा ऑनलाइन वर्ग.

गुरुजींचं गाव बालाघाटाच्या कुशीत आहे. कुशीत आहे म्हणजे रेंज नाही. ती फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर, वरून चौथ्या पायरीवर मिळते. गुरुजी तिथं बसून खेळातली जागा कशी शोधायची ते ऐकायचे आणि खालून माणसं जायची.

“गुरुजी, काय करायलाव वर?”

“फुटबॉल शिकायलोय.”

“टाकीवर?”

गावात बातमी अशी पसरली की गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, पण पाणी वेळेवर सुटायला लागलंय. दुसरा भाग खरा होता. टाकी भरली की खाली ओरडून सांगायला वर कायमचा माणूस मिळाला होता.

फुटबॉल प्रशिक्षकांची एक शिडी असते. भारतात सगळ्यात खालची पायरी ई, तिच्यावर डी, मग सी, बी, ए आणि टोकाला प्रो. गुरुजींनी खालची पायरी चढल्याचं घरी सांगितलं तेव्हा वहिनींनी चहाचं आधण खाली उतरवलं. वहिनीही शिक्षिका आहेत. आमच्या शाळांच्या प्रगतिपत्रकात अ-१ पासून सुरुवात होते आणि इ-२ वर शेवट होतो. तेव्हा नापास करायचं नसायचं म्हणून ज्या पोराबद्दल काहीच लिहिता यायचं नाही त्याला इ द्यायचे. “इतके महिने टाकीवर बसून इ?” एवढंच त्या म्हणाल्या. “ड तरी मागायची होती.”

गुरुजींना खरा धक्का घरात नाही, अभ्यासक्रमात बसला. पहिल्याच पाठात सांगितलं होतं की प्रशिक्षकानं कमी बोलावं. त्यांनी व्हिडिओ थांबवला, मागं नेला, पुन्हा ऐकला. कमीच बोलावं असं होतं. आमच्याकडं मास्तर कमी बोलायला लागला की लोक त्याला डबा पाठवतात, आजारी असेल म्हणून. पुढं सांगितलं होतं की शिट्टी सारखी वाजवू नका. मुलांना रांगेत ताटकळत ठेवू नका. चूक झाली तर सगळ्यांदेखत ओरडू नका, जवळ जाऊन हळू बोला. आणि उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा, म्हणजे मूल स्वतः विचार करील.

आता रांग काढली तर आमच्या शारीरिक शिक्षणात उरतं काय? एक चेंडू, चाळीस मुलं आणि एक रांग, ही आमची मूळ रचना. पहिला मारतो, चेंडू आणतो, मागं जाऊन उभा राहतो. तासाभरात प्रत्येकाचा चेंडूशी एकदा संबंध येतो, पुढच्याच्या मानेशी मात्र तासभर येतो. गुरुजींनी रांग मोडली तेव्हा पोरं गोंधळून आपोआप उंचीनुसार उभी राहिली.

प्रश्न विचारण्याचा प्रयोग तर शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात झाला. सहावीतल्या एकानं चेंडू सरळ बाहेर मारला. एरवी शिट्टी वाजली असती आणि पाठोपाठ एक विशेषण आलं असतं. गुरुजी शांतपणे चालत गेले, गुडघ्यावर बसले, त्याच्या डोळ्यांशी डोळे आणले आणि मऊ आवाजात म्हणाले, “बाळा, आता तू चेंडू कुणाला देणार होतास?”

पोरगं रडायलाच लागलं. “गुरुजी, मी नाही फोडली काच.”

कुठली काच ते गुरुजींना तेव्हा कळलं. अभ्यासक्रमात म्हटलंच होतं की मोकळे प्रश्न विचारले तर मुलं मनातलं सांगतात.

दुसऱ्याला त्यांनी विचारलं, “इथं आणखी काय करता आलं असतं?” तो बराच विचार करून म्हणाला, “पाणी प्यायला जाता आलं असतं.” ऊन होतं, उत्तर चूक म्हणता येईना.

पण खरी खळबळ उडाली ती डोक्यावरून. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेनं २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्यानं मारायला मनाई केली. इंग्लंडनंही २०२० साली प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून हेडर काढून टाकला. कोवळ्या मेंदूला वारंवार बसणारे धक्के बरे नव्हेत, हे कारण. गुरुजींनी हे पालकसभेत सांगितलं. मागं बसलेल्या एका आजोबांनी फेटा सारखा केला.

“म्हणजे शाळेत येऊन डोकं वापरायचं नाही?”

“फक्त फुटबॉलमध्ये, आजोबा.”

“मग बरंय. आमच्या नातवाला जमंल.”

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. ऑनलाइन प्रशिक्षणाची थट्टा करणं सोपं आहे, आणि पाण्याच्या टाकीवर चाललेलं असेल तर ती न करणं अवघड. पण डोक्याची ही गोष्ट गुरुजींना दुसरी कोण सांगणार होतं? जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत खेळाला वेगळा शिक्षक नसतो. जो गणित शिकवतो, पोषण आहाराचा तांदूळ मोजतो आणि मतदारयाद्या तपासतो, तोच चार वाजता मैदानावर जातो. फुटबॉल जाणणारा माणूस शोधायचा तर पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जायचं. नीती आयोगानं आकांक्षित म्हणून निवडलेल्या राज्यातल्या चार जिल्ह्यांपैकी आमचा एक आहे. आकांक्षा भरपूर आहेत, फक्त त्या कळंबहून पुण्याला जाणाऱ्या गाडीत उभ्यानं जातात. अशा ठिकाणी आर्सेन व्हेंगर थेट टाकीवर येऊन बोलत असतील, तर चौथी पायरी म्हणजे काही कमी जागा नाही.

व्हेंगर म्हणजे बावीस वर्षं आर्सेनलचे प्रशिक्षक होते ते. आता फिफाच्या जागतिक फुटबॉल विकासाचे प्रमुख आहेत, आणि फिफानं प्रशिक्षकांसाठी सगळ्यांना खुलं असं ऑनलाइन प्रशिक्षण केंद्र उघडलंय. गुरुजी त्यांना ‘व्हेंगर साहेब’ म्हणतात आणि मनातल्या मनात त्यांचा दर्जा शिक्षण संचालकांच्या बरोबरीचा धरतात. फरक एवढाच, की हे साहेब व्हिजिटला आले तरी चहा-फराळाचं बघावं लागत नाही.

या विद्येला जोडून एक व्हॉट्सॲप ग्रुपही आला, राज्यभरच्या नवशिक्या प्रशिक्षकांचा. सकाळी सहाला फुलं, सातला सुविचार, साडेसातला कुणाच्या तरी मेव्हण्याच्या दुकानातल्या जर्सीचे दर, आणि मधेच एखादा सरावाचा अप्रतिम व्हिडिओ, जो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. एकदा तिथं ऑफसाइडवर चर्चा निघाली आणि रात्री अकरापर्यंत चालली. बाण काढलेली चित्रं आली, इंग्रजी नियम आले, कुणीतरी कुणाचा अपमान केला, दोघांनी ग्रुप सोडला. शेवटी गुरुजींनी एका ओळीत लिहिलं, ‘शेजारी जागा नसताना बांध ओलांडून उभं राहणं म्हणजे ऑफसाइड.’ विदर्भापासून कोकणापर्यंत सगळे शांत झाले. बांधाचं सगळ्यांना कळतं.

पोरांचं ऑनलाइन शिक्षण मात्र गुरुजींच्या कितीतरी पुढं गेलेलं होतं, आणि कुठल्याही प्रमाणपत्राशिवाय. त्यांना रोनाल्डोची गोल झाल्यावरची उडी येत होती. गोल येत नव्हता. दोन्ही हात पसरून, पाठ वळवून, ओरडून जमिनीवर उतरायचं ते इतकं तंतोतंत की गुरुजींनी सरावाच्या वेळापत्रकात त्यासाठी वेगळी पाच मिनिटं ठेवली, म्हणजे मधे मधे होणार नाही. सातवीतल्या एकीनं विचारलं, “सर, फॉल्स नाइन म्हणजे काय?” गुरुजींनी शिक्षकी पेशातलं सर्वांत जुनं उत्तर दिलं, “उद्या बघू,” आणि चार वाजून दहा मिनिटांनी ते टाकीचा जिना चढताना दिसले.

आता यातली खरी मजेची गोष्ट. पुढच्या एका स्वाध्यायात प्रत्यक्ष सरावाचा व्हिडिओ पाठवायचा होता. चार विरुद्ध चार असा छोटा सामना घ्यायचा, गोलरक्षक नको, मैदान साधारण पंचवीस-तीस मीटर लांब आणि पंधरा-वीस मीटर रुंद. त्यामागचा विचार साधा आहे. अकरा-अकरांच्या मोठ्या मैदानावर आठ-दहा वर्षांचं मूल चेंडूची वाट बघत उभं असतं. चौघांत चेंडू त्याला चुकवता येत नाही. सारखा पायाशी येतो, सारखा निर्णय घ्यावा लागतो, लाजाळू पोरालाही लपायला जागा उरत नाही.

गुरुजी टेप घेऊन मैदानावर गेले. मैदान म्हणजे शाळेमागची मोकळी जागा. तिच्या अर्ध्या भागात गावाचं खळं, कडेला बाभळी, आणि मधोमध खो-खोचं आखलेलं, दगड वेचलेलं, पाणी मारून बसवलेलं क्रीडांगण. गुरुजींनी टेप लावला. लांबी सत्तावीस मीटर, रुंदी सोळा.

ते तिथंच उभे राहिले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४च्या सुमाराला ज्या खेळाचे नियम बांधायला घेतले आणि फिफानं ज्याचं पत्रक काढलं, ते दोन खेळ आमच्या गावात एकाच जागेत बसत होते. दोन्ही टोकांना एक-एक खांब होताच, सव्वा मीटरच्या आसपास उंच. खांबापासून चार पावलांवर दप्तर ठेवलं की गोल तयार. ज्या जिल्ह्यात फुटबॉलचं मैदान नाही म्हणून आम्ही इतकी वर्षं रडत होतो, त्या जिल्ह्यात प्रत्येक खो-खो वेड्या गावात लहान मुलांच्या मापाचं एक मैदान आखून तयार होतं. हे टाकीवर कुणी सांगितलं नव्हतं, पण टाकीवर बसले नसते तर दिसलंही नसतं.

सामना सुरू झाला. गुरुजींच्या मुलीनं मोबाइल आडवा धरला. पहिल्या मिनिटाला चेंडू एकीकडून दुसरीकडं गेला, पास अगदी नेमका, आणि पास देणारी पोरगी “खो!” असं ओरडून जागच्या जागी उकिडवी बसली.

तिची काय चूक? पहिलीपासून तिला हेच शिकवलंय. दुसऱ्याला खो दिला की त्याच्या जागी आपण बसायचं. पाचव्या मिनिटाला मैदानावर आठांपैकी पाच जण बसलेले होते, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून, आणि उरलेले तिघं त्यांच्या मधून नागमोडी पळत होते. एक जण मधल्या रेषेपाशी येऊन थांबायचा, कारण पाठलाग करणाऱ्यानं मधली रेषा ओलांडली की फाउल. दुसरा चेंडू मागं राहिला तरी वळेना, खांबाला वळसा घालूनच परत आला. गुरुजींनी अभ्यासक्रम पुन्हा चाळला. ‘पास द्या आणि पळा’ असं जागोजागी लिहिलेलं होतं. ‘पास दिल्यावर बसू नये’ असं कुठंच नव्हतं. जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाला ते लिहायची वेळ आली नसावी.

त्यातच शेळ्या आल्या. उस्मानाबादी शेळी काळी, काटक आणि जुळी देण्यात पटाईत, म्हणजे ती कुठंही एकटी येत नाही. शेजारच्या गोठ्यातून आलेल्या दोन शेळ्या दप्तरांच्या गोलापाशी उभ्या राहिल्या, कारण दप्तरात भाकरी होती. त्यांनी निदान दोन गोल अडवले. व्हिडिओ चौथ्या पायरीवरून अपलोड व्हायला अख्खी रात्र लागली, तीही फाटक्या दर्जाचा करून पाठवला तेव्हा. तिकडून आलेला अभिप्राय गुरुजींनी जपून ठेवलाय. मुलांचं पळणं आणि अंगातली चपळाई फार छान आहे, असं होतं. पण मधेच सगळे खाली का बसतात, ही कुठली विश्रांतीची पद्धत आहे, आणि बचावात उभ्या असलेल्या त्या दोघांनी गणवेश का घातला नाही, हेही विचारलं होतं.

मैदान सापडलं की त्याचा मालकही सापडतो. गावात खो-खो शिकवणारे सर संध्याकाळी आले आणि रेषा पुसलेल्या बघून काही न बोलता खांबाला टेकून उभे राहिले. त्या खांबाला त्यांचे कितीतरी विद्यार्थी राज्य स्पर्धेला गेल्याचा अभिमान होता. “बुटांनी माती उखडंल,” ते म्हणाले. गुरुजींनी मुलांचे पाय दाखवले. बूट कुणालाच नव्हते. मुद्दा संपला. मग “चेंडू खांबावर आदळून खांब हलंल,” असं निघालं. गुरुजींनी चेंडू दाखवला. त्यात तेवढी हवा नव्हती. दोघांनी मिळून सायकलच्या दुकानातून पिन आणली, चेंडूत हवा भरली आणि वादाला पुन्हा जागा झाली.

पण वाद फार टिकला नाही, कारण खो-खोचे सर सराव बघत होते आणि त्यांना राहवेना. गुरुजी मोबाइलमधला एक परदेशी पोरगा दाखवत होते, समोरच्याला खांदा एकीकडं दाखवून दुसरीकडं निसटणारा. मुलं तो व्हिडिओ तिसऱ्यांदा बघत होती आणि पुन्हा पुन्हा सरळच धडकत होती. सर पुढं आले. पंचेचाळिशीतला माणूस, पोट किंचित सुटलेलं. त्यांनी सातवीतल्या सगळ्यात चपळ पोरीला म्हटलं, “पकड मला.” डावीकडं झुकले, ती डावीकडं गेली, आणि सर उजवीकडून आरामात चालत निघून गेले. “पाय नको बघू, कंबर बघ,” ते म्हणाले. “पाय खोटं बोलतात. कंबर बोलत नाही.” मोबाइल कुणीतरी खिशात ठेवला. त्या दिवसापासून सोमवार-बुधवार खो-खो, मंगळवार-गुरुवार फुटबॉल, आणि हुलकावणीचा पाठ दोन्ही दिवशी सरांचा. मुली या बाबतीत मुलांच्या पुढं आहेत. आमच्याकडं खो-खोनं ती वाट आधीच मोकळी करून ठेवलेली आहे, फुटबॉलला फक्त तिच्यावरून चालायचंय.

२०२२च्या ऑक्टोबरात नवी मुंबईत मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकाची अंतिम लढत होती, त्याच वेळी फिफा, भारतीय फुटबॉल महासंघ आणि केंद्रीय शिक्षण मंत्रालय यांच्यात शाळांसाठी करार झाला. देशभरच्या शाळांना अकरा लाखांहून अधिक चेंडू द्यायचे, वाटपाची सूत्रं नवोदय विद्यालय समितीकडं, आणि शिक्षकांच्या मदतीला एक ॲप, त्यात वयोगटाप्रमाणे सरावाचे पाठ. आमच्या जिल्ह्याचं नवोदय तुळजापूरला. गुरुजींनी ॲप घेतलं. मुख्याध्यापकांनी जडसंग्रहाची नवी वही घेतली.

मोबाइलला एक गोष्ट येत नाही, ती गुरुजींनाच सांगावी लागते. पाचवीतलं एक पोरगं पळताना उजवा पाय जरा ओढतं. ते दुखणं आहे, लाज आहे, की मोठ्या भावाची चप्पल घालून आलंय म्हणून आहे, हे तिथं उभं राहून बघणाऱ्यालाच कळतं. ती चप्पल होती. ॲपमध्ये तक्ता होता, गुण द्यायचे होते, त्या पोराला ‘वेग’ या रकान्यात कमी आले असते. गुरुजींनी चप्पल काढायला लावली आणि त्यानं दोन गोल मारले, त्यातला एक शेळीच्या पायांखालून. उलट, तीस मुलांना तीस वेळा चेंडू कसा मिळेल हे ज्या माणसाला वर्षानुवर्षं सुचलं नव्हतं, त्याला ते मोबाइलनं सुचवलं. दोघांना एकमेकांची गरज आहे, फक्त दोघांपैकी एकालाच रेंज लागते.

यंदा गुरुजींनी ठरवलं, डी करायची. ही पायरी टाकीवरून चढता येत नाही. प्रत्यक्ष मैदानावर जायचं, दिवसभर घाम गाळायचा, दुसऱ्या प्रशिक्षकांसमोर सराव घेऊन दाखवायचा, चुका तिथल्या तिथं ऐकून घ्यायच्या. त्यासाठी रजा लागते. गुरुजींनी रीतसर अर्ज लिहिला: विद्यार्थ्यांच्या हिताच्या दृष्टीने फुटबॉल प्रशिक्षण, सोबत सहापानी माहितीपत्रक, ई पायरीचं प्रमाणपत्र, चार-चारांच्या सामन्याचे फोटो, शेळ्या कापून.

वरचे साहेब चष्मा लावून सगळं वाचत बसले. त्यांना गुरुजींबद्दल आदर आहे. टाकीवरच्या माणसामुळं त्यांच्या सासुरवाडीला पाणी वेळेवर मिळतं. शेवटचं पान उलटल्यावर त्यांनी चष्मा काढला.

“गुरुजी, सगळं चांगलंय. पण हे ऑनलाइन होत नाही का?”

गुरुजी बाहेर आले, चहा प्याले आणि दुसरा कोरा अर्ज मागून घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मेव्हण्याचे लग्न.’ रजा उभ्या उभ्या मंजूर झाली. साहेबांनी आहेरही विचारला.